उद्यान विभाग की वनविभाग: करार कुणाशी करावा?

निधी जुळलाय, माणसंही आहेत, पण झाडं महापालिकेच्या बागेत लावायची की वनविभागाच्या टेकडीवर, इथे घोडं अडलेल्यांसाठी हे लिहितोय. आमच्या संस्थेने दोन्हीकडे काम केलंय.

सोयीचं म्हणाल तर महापालिकाच. नळजोड, कुंपण, रखवालदार सगळं तयार. रविवारी श्रमदानाला माणसं हाकेसरशी येतात. टेकडीवर पाणी चढवतानाच जीव मेटाकुटीला येतो. दिवाळीनंतर जाळरेषा काढा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवताचे पट्टे साफ करा, तरी उन्हाळाभर वणव्याची धास्ती. त्यातून पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी वनखात्यानेच लावलेला गिरिपुष्प हा परदेशी वृक्ष माजलाय. तो काढून पळस, मोई, गणेर लावायचे तरी परवानगी हवी.

तरीही बागेत आमचं बिनसलं ते गवतावरून. गवतकापणीचा ठेका वेगळा, ठेकेदार वेगळा, आणि त्याच्या माणसांना आमची गुडघाभर रोपं म्हणजे तणच. बांबू रोवले, लाल फडकी बांधली, अधिकाऱ्यांना भेटलो. साहेब भले होते, पण बिल निघणार कापलेल्या क्षेत्रफळावर, तिथे त्यांचंही काही चालेना. ठेकेदार बदलला की पुन्हा श्रीगणेशा. एक बहावा तर इतक्यांदा छाटला गेला की त्याचं झुडूपच झालं.

टेकडीवर यंत्र घेऊन कुणी येत नाही, आणि गवत तिथे हवंच असतं, माती धरून ठेवायला. विभाग, संस्था आणि पैसे देणारी कंपनी असा त्रिपक्षीय करार होतो. काय लावायचं, कुणी राखायचं ते त्यात आधीच ठरतं. शिवाय उद्या कुणाला तिथे सभागृह सुचलंच, तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने केंद्राची परवानगी लागते. पुण्यातल्या वारज्याचं नागरी वन असंच भागीदारीतून उभं राहिलं. २०२० मध्ये केंद्राने नगर वन योजना जाहीर केली तेव्हा त्याचंच उदाहरण दिलं होतं.

अर्थात गुरुग्राममध्ये खाणकामाने उजाड झालेल्या सुमारे ३९० एकरांवर महापालिका आणि ‘आय अ‍ॅम गुडगाव’ ही संस्था यांनीच २०१० पासून अरवलीचं रान परत आणलंय. (तिथे हिरवळीचा हट्ट कुणी धरला नसावा!) तुमच्याकडचे उद्यान अधीक्षक तसे असतील तर बागेचा विचार जरूर करा, फक्त गवतकापणी संस्थेकडे राहील, हे कलम करारात घालून घ्या. त्याला नकार आला, तर मी रेंजरसाहेबांची वेळ घेईन.