गॅस गीझर की विजेचा? सोलापूरच्या पाण्यावर दोन्ही वापरल्यानंतर

दिवाळी झाली की आमच्या गल्लीत गीझरची चौकशी सुरू होते. एप्रिल-मेमध्ये इथे गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच हाताला चटका देतं, तेव्हा कुणाला गीझर आठवत नाही. पण गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, पहाटे साडेपाचला अंगावर गार पाणी घेणं अवघड असतं, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर प्रश्नच नाही. मी सहा वर्षं गॅस गीझर वापरला. गेली चार वर्षं १५ लिटरचा विजेचा स्टोरेज गीझर वापरतोय. मॉडेल, स्टार, वॉरंटी हे सगळं दुकानदार सांगेलच. मी वापरताना काय झालं तेवढं सांगतो.

आधी खर्चाचं. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.७ युनिट वीज लागते. २००० वॅटच्या गीझरला त्यासाठी वीस-बावीस मिनिटं लागतात. त्यात गार पाणी मिसळलं की एकाची अंघोळ नीट होते. आम्ही घरात चौघं, म्हणजे रोजचे पावणेतीन युनिट, महिन्याला ८५च्या आसपास. ज्यांचं बिल एरवी १०० युनिटांच्या आत असतं ते यामुळे वरच्या स्लॅबमध्ये जातात. तेवढंच पाणी गॅसवर तापवायला अंदाजे ७० ग्रॅम गॅस जातो. फक्त अंघोळीसाठी वापरला तर १४.२ किलोचा सिलिंडर पन्नासेक दिवस पुरतो. गॅस स्वस्त पडतो, हे मला मान्य आहे. पाहुणे आले की एकामागून एक अंघोळी उरकतात, थांबावं लागत नाही, हेही खरं.

तरी मी गॅस सोडला. कारण एकच, ज्योत मध्येच विझायची.

आईने डोक्याला शिकेकाई लावलेली असायची, तेवढ्यात स्वयंपाकघरात कुणीतरी भांड्यांसाठी नळ सोडायचं, आणि आतून हाक यायची, ‘अरे, पाणी गार यायला लागलं रे!’ मग स्वयंपाकघरातला नळ बंद करायचा, बाथरूमचा नळ बंद करून पुन्हा सोडायचा, गीझरची टकटक ऐकत थांबायचं. कधी पेटायचा, कधी नुसती ठिणगीच पडायची. आईचं वय सत्तरीच्या पुढे. ती ओल्या अंगाने कुडकुडत बसली आहे आणि मी बाहेर गीझरशी खटपट करतोय, हे मला सहन होईना.

मिस्त्रीने आधी सेल बदलले. मग ठिणगीची पिन घासून दिली. मग आतलं रबर बदललं. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस बरं चालायचं आणि पुन्हा तेच. शेवटी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला लागलो. दोन महिन्यांनी बघतो तर जवळपास सगळ्या खुणा नळाला पाणी येण्याच्या आदल्या दिवशीच्या!

तेव्हा उलगडा झाला. गॅस गीझरमध्ये पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, तेव्हाच गॅस उघडतो आणि ठिणगी पडते. दाब कमी पडला की गॅस बंद. ही सुरक्षेची सोयच आहे, दोष नाही. पण बहुतेक गीझरना साधारण ०.२ ते ०.३ बार दाब लागतो, आणि दहा फूट उंचीवरून उतरणारं पाणी जेमतेम ०.३ बार देतं. माझ्या टाकीचा तळ बाथरूमच्या नळापासून सहा फूट वर आहे. टाकी गच्च भरलेली असली की वरचे तीन फूट पाणी धरून नऊ फूट होतात, गीझर पेटतो. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी टाकी तळाला गेलेली असते. राहिले सहा फूट, म्हणजे ०.१८ बार. त्यात स्वयंपाकघरातला नळ सोडला की संपलंच. मिस्त्री येऊन गेला की दोन-तीन दिवस बरं का चालायचं, तेही कळलं. तो यायचा तोवर टाकी भरलेली असायची!

प्रेशर पंप बसवा, असं दोघा-तिघांनी सुचवलं. बसवता येतो. पण मग वीज गेली की पंप बंद आणि पंपाबरोबर गीझरही. वीज नसताना गरम पाणी, या एका कारणासाठी तर मी गॅस घेतला होता.

विजेच्या गीझरचाही त्रास आहे, तो लपवत नाही. उजनी धरणाचं पाणी पुरत नाही तेव्हा आम्ही टाकीत बोअरचं सोडतो, आणि आमच्या बोअरच्या पाण्याने स्टीलच्या भांड्यावरसुद्धा पांढरे डाग पडतात. पहिली दोन वर्षं मी गीझर उघडलाच नाही. मग तापताना आतून खडखड आवाज यायला लागला, वीस मिनिटांचं काम चाळीस मिनिटांवर गेलं. उघडून घेतला तर कॉइल दिसतच नव्हती. नळीवर बोटभर जाडीचा पांढरा थर, आणि टाकीच्या तळाशी अंड्याच्या टरफलांसारख्या खपल्या, अर्धा तांब्या भरेल एवढ्या. कॉइल लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवली तेव्हा सोड्यासारखा फेस आला आणि तासाभरात तांबं दिसायला लागलं. शेजारची मॅग्नेशियमची कांडी झिजून काडीएवढी झाली होती. टाकीऐवजी गंज आपल्या अंगावर घेणं हे तिचं काम. ती बदलली.

आता दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास हे करून घेतो. आधी मेन स्विच बंद, मग गीझरची टाकी रिकामी, मग बोल्ट. परत बसवताना गॅस्केट नवीनच टाकायचं, जुनं गळतं. पाणी ६० अंशांच्या वर गेलं की क्षार जास्त बसतात, म्हणून थर्मोस्टॅट ५०-५५वर ठेवतो. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब-थेंब पाणी आलं तर घाबरू नका, धार लागली तर मात्र मिस्त्रीला बोलवा. नळाला हात लावल्यावर किंचितही झिणझिण्या आल्या तर त्या क्षणी बंद करा आणि अर्थिंग तपासून घ्या.

एवढं केलं की वर्षभर बघावं लागत नाही. मुख्य म्हणजे टाकी तळाला गेलेली असली तरी नळाला बारीक का होईना पण गरमच पाणी येतं. तापल्यावर वीज गेली तरी तापलेलं पाणी हातात राहतं.

सौर गीझरबद्दल मी फार बोलणार नाही. ऊन आपल्याकडे भरपूर आहे, पण माझ्या गच्चीवर जागा नव्हती.

गॅस घेणार असाल तर त्याची निगा वेगळी आहे. मार्चमध्ये गीझर बंद करताना सेल काढून ठेवा, नाहीतर ते आतच पाझरतात. नोव्हेंबरमध्ये सुरू करण्याआधी बर्नर साफ करून घ्या. बंद काळात त्यात कोळी जाळी करतात आणि ज्योत निळीऐवजी पिवळी येते, काजळी धरते. आणि कृपा करून गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, आणि दार आतून लावून अंघोळीला गेलेली माणसं त्याने दगावली आहेत. या बाबतीत जागेची अडचण सांगू नका.

मला विचाराल तर टाकी डोक्यावरच असलेल्या बैठ्या किंवा एकमजली घरात विजेचा घ्यावा. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, पण दुकानात जाण्याआधी टेप घेऊन टाकीच्या तळापासून नळापर्यंतची उंची जरूर मोजा. आमचा जुना गॅस गीझर मी जुळे सोलापूर भागात राहणाऱ्या मेहुण्याला दिला. त्याची टाकी बाथरूमच्या दोन मजले वर आहे, आणि तोच गीझर तिथे पहिल्या ठिणगीला पेटतो.