घरच्या शेडात दोन खांबी कार लिफ्ट: यंत्र चांगलं, पण आधी जमीन बघा

४ टन क्षमतेची, दोन सिलिंडरची, खाली बेसप्लेट (दोन खांबांना जमिनीवरून जोडणारी लोखंडी पट्टी) असलेली दोन खांबी लिफ्ट. सध्या घरी बसवणारे बहुतेक जण हीच घेतात, आणि निवड चुकीची नाही. स्विफ्ट जेमतेम ९०० किलोची, बोलेरो, इनोव्हा क्रिस्टासुद्धा दोन टनांच्या आतच. म्हणजे यंत्रावर कधीच पुरा भार येत नाही. बिघडतं ते यंत्राखाली आणि यंत्रावर: खालचं काँक्रीट आणि वरचं छत. दुकानदार या दोन्हींबद्दल फारसं विचारत नाही, कारण ते त्याच्या बिलात येत नाहीत.

आधी उंची. बेसप्लेटवाल्या लिफ्टचे खांब साधारण २.८ ते २.९ मीटरचे असतात, त्यामुळे १० फुटी स्लॅबखाली त्या उभ्या राहतात आणि घेणाऱ्याला वाटतं, बसली. पण गाडीचं छतही वर जाणार आहे. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. स्विफ्टची उंची १.५३ मीटर, वर हातभर नाही तरी दहा सेंटिमीटर जागा सोडली तर उचल १.४ मीटर मिळते. खाली वाकून काम. बोलेरो १.८८ मीटरची, तिला जेमतेम एक मीटर, म्हणजे स्टुलावर बसूनच. उभं राहून काम करायचं तर पत्र्याच्या शेडात सर्वांत खालच्या पाईपपर्यंत १२ फूट तरी हवेत, १३ असतील तर डोकं शांत. मोजमाप पत्र्याच्या मध्यापासून नको, उताराच्या बाजूला जिथे गाडीचं बॉनेट किंवा डिकी उघडणार तिथून घ्यायचं. ट्यूबलाइट आणि पंखा खांबांच्या मधोमध असेल तर आधीच हलवा.

बेळगावात टिळकवाडी, अनगोळकडे घरांखाली पार्किंग असतं, ८-९ फुटांचं. तिथे दोन खांबी लिफ्टचा हट्ट सोडावा. एक मीटर उचलणारी, घडी झाल्यावर दहा-अकरा सेंटिमीटर उंच राहणारी कात्री लिफ्ट घ्यावी. टायर, ब्रेक, सस्पेन्शन सगळं होतं. गिअरबॉक्स उतरवायचा असेल तर मात्र तिची चौकट मध्येच येते. ते काम रोज कोण करतं?

आता जमीन, आणि खर्च वाचवू नये अशी जागा हीच. कंपनीची पुस्तिका बहुधा चार ते सहा इंच काँक्रीट पुरेसं म्हणते. ते कागदावर बरोबर आहे, पण खाली ठोकून घट्ट केलेली जमीन आहे असं धरून. बेळगाव, खानापूरकडच्या तांबड्या मुरमाड जमिनीवर हे चालून जातं. चिक्कोडी, अथणीकडच्या काळ्या जमिनीवर नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खांबाचा ओळंबा दोन मोसमांत सरकतो. तिथे निदान दोन-अडीच फूट माती काढून मुरूम भरावा. एकदम ओतून वरून पाणी मारायचं नाही. सहा-सहा इंचांच्या थरांनी ओला करून धुम्मस द्यायची. वर २०० मिलिमीटर जाडीचा, १२ मिलिमीटर सळीची जाळी घातलेला, दोन्ही खांबांखालून सलग जाणारा पट्टा. ४.२ मीटर लांब, दीड मीटर रुंद धरला तर सव्वा घनमीटर काँक्रीट होतं. १:१:२ (सिमेंट, वाळू, खडी) मालाला साधारण चौदा पोती सिमेंट. दोन खांबांखाली दोन वेगळे चौकोन ओतायची गवंड्यांची सवय आहे. पैसे वाचतात, पण एक चौकोन बसला की दोन खांब वेगवेगळ्या पातळीवर येतात. सलग पट्टाच घ्या.

२८ दिवस पाणी मारून काँक्रीट पिकू द्यायचं. आठवड्यात फिटर येतो म्हणाला तरी थांबवायचा. कोवळ्या काँक्रीटमध्ये खांब धरून ठेवणारा अँकर बोल्ट आवळला की भोक आतून चुरतं आणि वरून काही दिसत नाही.

जुन्या घरांत खाली शहाबादी फरशी असते. फरशीवरून ड्रिल मारून बोल्ट ठोकायचा प्रकार सर्रास चालतो आणि तो घातक आहे. फरशीखाली चुन्याचा किंवा सिमेंटचा मऊ थर असतो, बोल्टची पकड त्यातच जाते. खांबांच्या तळाखालची फरशी कटरने काढून टाकल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एक खांबच दोनशे किलोच्या वर, सगळा संच सहा-सातशे किलोचा. उतरवायला चार माणसं पुरत नाहीत, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून हायड्रा (क्रेन) मागवणं स्वस्त पडतं. मुख्य खांब, म्हणजे मोटरचा, आधी उभा करून दोन्ही दिशांनी ओळंबा बघायचा, मग दुसरा. दोन्ही खांबांच्या तळांची पातळी पाण्याच्या नळीने बघितली तर लेझरही लागत नाही. कमी पडेल तिथे लोखंडी शिम, म्हणजे पातळी साधायच्या चकत्या. सगळी मिळून अर्ध्या इंचापेक्षा जास्त शिम लागत असेल तर लिफ्टचा नाही, काँक्रीटचा दोष आहे. लाकडाची पट्टी किंवा पत्र्याचे तुकडे खाली सारून भागवू नका. भोक बोल्टइतक्याच व्यासाचं आणि सरळ. भोकातली भुकटी पंपाने फुंकून काढायची, नाहीतर बोल्ट फिरतच राहतो. आवळताना पुस्तिकेतला आकडा टॉर्क रेंचवर लावायचा, दोन हातांच्या जोरावर नाही. आठवड्याने पुन्हा, मग दर तीन महिन्यांनी. एखादा बोल्ट दर वेळी अर्धा आटा फिरत असेल तर तो सुटतोय. शेजारी काँक्रीटला केसासारखी भेग असेल तर लिफ्ट बंद ठेवा.

विजेचं थोडक्यात. मोटर २.२ किलोवॅट, म्हणजे ३ एचपी. सिंगल फेजवर चालू असताना तेरा-चौदा अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालवू नका. चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग. हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) बिलावर मंजूर लोड बघून घ्या, दोन-तीन किलोवॅट असेल तर वाढवावा लागेल. खेड्यांत संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मोटर नुसती घूं घूं करते आणि कपॅसिटर जळतो. थ्री फेज येत असेल तर थ्री फेजचीच मोटर घ्या.

लाईट गेल्यावर काय, हे कुणी सांगत नाही. वर उचललेली गाडी नेहमी खांबातल्या लॉकवर टेकवून ठेवायची असते. आणि लॉकवरून सोडवायला आधी दोन बोटं वर उचलावी लागते. म्हणजे वीज नसेल तर गाडी वरच. घरचा इन्व्हर्टर ही मोटर ओढत नाही. संध्याकाळी गाडी घेऊन गावाला जायचं असेल तर दुपारीच उतरवून ठेवा. विद्युत चुंबकावर सुटणारे लॉक टाळा. एका बाजूच्या दांडीने, तारेवर सुटणारे साधे लॉक इथे जास्त भरवशाचे.

पहिल्यांदा गाडी चढवण्याआधी रिकामी लिफ्ट पाच-सहा वेळा पूर्ण वर-खाली करा, हवा निघते. खाली येताना झटके देत असेल तर हवा राहिली आहे. मग लॉकचा आवाज ऐका. दोन्ही खांबांतून ‘टक’ एकाच वेळी आला पाहिजे. मागेपुढे येत असेल तर समतोल राखणाऱ्या तारा कमी-जास्त ताणलेल्या आहेत. नव्या तारा पहिल्या महिन्यात लांबतात, तेव्हा हे काम एकदा परत करावं लागतंच. फिटर पहिल्याच दिवशी पैसे घेऊन गेलेला असतो, म्हणून नट कुठले ते त्याच्याकडून बघून ठेवा.

गाडीखाली आर्म (लिफ्टचे उचलणारे हात) लावताना खाचा असलेली कडाच पकडायची, तिच्या शेजारचा पातळ पत्रा नाही. बोलेरो, स्कॉर्पिओला वेगळी चासी (खालची लोखंडी चौकट) असते. तिला उंच अडॅप्टर लागतात, ते संचात आहेत का ते आधी विचारा. चारी पॅड टेकल्यावर चाकं वीतभर उचला, आर्मचे दाते अडकलेत का बघा आणि गाडी हलवून पाहा. मगच पुढे. इंजिन किंवा गिअरबॉक्स काढणार असाल तर वजन मागे जातं आणि शेपूट खाली बसते. तेव्हा मागे उंच स्टँड लावूनच बोल्ट सोडा.

खटकणारी एक गोष्ट: बेसप्लेटचा उंचवटा दोन खांबांच्या मधून जातो. गिअरबॉक्स जॅकची चाकं तिथे अडतात, झाडू अडतो, पायही अडतो. वरून पाईप जाणारी लिफ्ट घेतली तर जमीन मोकळी राहते, पण तिला छत आणखी उंच लागतं.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडे, बाजू उघड्या असलेल्या शेडात दमट हवेने टाकीतलं तेल दुधाळ होतं. हायड्रॉलिक तेल ३२ किंवा ४६ ग्रेडचं, साधारण दहा लिटर. दुधाळ दिसलं की बदला, गाळून परत घालू नका. कप्प्या आणि तारेला ग्रीस पावसाआधी द्या. सुट्या भागांची चिंता नको. पॉलीहायड्रॉनसारखी हायड्रॉलिक कंपनी बेळगावचीच, आणि उद्यमबागेत सिलिंडरची सीलं बसवून देणारे सापडतात. सिलिंडर उघडण्याआधी सीलचा आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी पुस्तिकेवरून लिहून न्या. जुनं फाटलेलं सील मोजून नवं आणलं तर ते बहुधा पुन्हा गळतं.