‘मोफत मान्सून चेकअप’चे ११,०८० रुपये

गेल्या वर्षी मे महिन्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका गॅरेजच्या दारात फ्लेक्स लागला होता : ‘मोफत मान्सून चेकअप, ३२ पॉइंट’. गाडी सात वर्षांची झालेली, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं बिल दरवर्षी फुगत चाललेलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आईला श्रीवर्धनला सोडायला जायचं होतं. म्हणजे ताम्हिणी उतरायची होती. फुकट बघतायत तर बघू देत, असं म्हणून गेलो.

गॅरेज चकाचक होतं. वेटिंगला एसी, काचेपलीकडे गाड्या, हातात पाण्याची बाटली. एक पोरगा टॅबवर टिकमार्क करत गाडीभोवती फिरला आणि आधी टायरवर आला. ‘सर, चारही टक्कल पडलेत. पावसात मारामारी होईल.’ नेमकी टायरची मला थोडी माहिती होती. टायरच्या बाजूला बारीक त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं असतात. त्यांच्या सरळ रेषेत खाचेत रबराची आडवी पट्टी असते आणि नक्षी झिजून त्या पट्टीच्या बरोबरीला आली की उरलेली खोली १.६ मिलिमीटर. कायद्याने मोटारीला तेवढी तरी लागतेच. पावसाळ्यात तर तिथपर्यंतही थांबू नये, कारण चाकाखालचं पाणी बाहेर फेकायचं काम त्या खाचांचंच असतं. ते जमलं नाही की चाक पाण्यावर तरंगायला लागतं. माझ्या पट्टीवर बरीच नक्षी शिल्लक होती. बाजूवरचे चार आकडेही दाखवले : १२२३, म्हणजे २०२३ सालचा बारावा आठवडा. पोरगा लगेच म्हणाला, ‘मग चालेल सर यंदा.’

माझे पंधरा-वीस हजार वाचले, आणि खरं सांगायचं तर तिथेच मी फसलो. आपल्याला गाडीतलं कळतं, आपल्याला कोण बनवणार, असा एक माज चढला. त्यानंतर पोरग्याने जे जे सांगितलं ते मी ‘हे मात्र खरं असणार’ म्हणून ऐकत गेलो.

वीसेक मिनिटांनी मालक स्वतः आला. हातातल्या फडक्यात दोन ब्रेक पॅड. पार घासून पत्र्याला लागलेले. ‘साहेब, हे तुमचे. हे घेऊन घाट उतरणार होतात?’ पोटात गोळाच आला. मी त्या पॅडचा फोटो काढला आणि बायकोला पाठवला, वर लिहिलं, ‘बघ, वेळेवर आलो.’ हा फोटो लक्षात ठेवा.

पुढचं सगळं भराभर झालं. पुढचे ब्रेक पॅड २,८५०. डिस्क फेसिंग, म्हणजे पॅड ज्या चकतीला घासतात ती सपाट करून देणं, १,२००. ब्रेक ऑइल ६५०. गंज लागू नये म्हणून खालून रबर कोटिंग ३,२००. इंजेक्टर क्लीनिंग १,५००, एसीची जंतुनाशक फवारणी ९००, वायपर ७८०. एकूण ११,०८०. वर पॉलिश फुकट. गाडी खोलतात तिथे जाऊ का म्हटलं, तर ‘सेफ्टीसाठी कस्टमरला आत सोडत नाही साहेब’. काचेतून माझ्या गाडीचं फक्त मागचं टोक दिसत होतं. तासाभराने चहा आला.

पैसे देताना मालक हळूच म्हणाला, ‘पक्कं बिल केलं तर जीएसटी लागेल. उगाच सरकारला कशाला?’ मलाही ते पटलं. तोंडाने ‘बरं’ म्हणालो, मनात दीड-दोन हजार वाचल्याचा आनंद. हातात आला तो ‘एस्टिमेट’ छापलेला कागद. त्यावर ना गॅरेजचं नाव, ना जीएसटी नंबर, ना गाडीचे किलोमीटर. पैसे यूपीआयने गेले, तेही मालकाच्या वैयक्तिक नावावर.

घरी सगळ्यांनी गाडीचं कौतुक केलं. टायर काळेभोर चमकत होते, डॅशबोर्डवर पॉलिश, एसीला मोगऱ्याचा वास, काचेवर नवे वायपर. जे जे डोळ्याला दिसेल ते झालं होतं.

श्रीवर्धनला निघालो तेव्हा पाऊस अजून लागला नव्हता, नुसतं मळभ आणि उकाडा. गाडीत आम्ही पाच जण, डिक्की खच्चून भरलेली. मुळशी ओलांडलं, ताम्हिणीचा उतार सुरू झाला. उतारावर मी तिसऱ्या गियरमध्ये होतो आणि ब्रेकवर पाय ठेवून चाललो होतो. ही माझी जुनी वाईट खोड. ज्या गियरमध्ये घाट चढतो त्याच गियरमध्ये उतरावा, हे ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याने सांगितलं होतं. पण नव्या पॅडच्या भरवशावर कोण ऐकतं! एका वळणाच्या आधी पाय दाबला आणि पेडल मऊ लागलं. ओल्या स्पंजवर पाय पडावा तसं. पुन्हा दाबलं, आणखी खाली गेलं. गाडी थांबेना.

आई मागच्या सीटवर मुलांना चिक्की वाटत होती. मी काही बोललो नाही. पेडल भराभर पंप केलं, थोडा जोर आला. दुसरा गियर टाकला, इंजिन ओरडलं, गाडी आवळली. हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा-थोडा ओढला. एकदम ओढला असता तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरली असती. पुढे डोंगराच्या बाजूला जरा रुंद जागा होती, तिथे गाडी थांबली. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. बायको म्हणाली, ‘अरे, आत्ताच तर बदललेत ना?’

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट झालं. मला वाटलं बरं झालं. ते बरं नव्हतं, हे माणगावात कळलं.

पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रांगत माणगावला पोहोचलो. रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये एक वयस्कर चाचा होते. त्यांनी जॅक लावण्याआधी बॉनेट उघडायला सांगितलं, ब्रेक ऑइलच्या डबीवर बॅटरी मारली आणि विचारलं, ‘पॅड नवे टाकले म्हणता? मग ऑइल खाली कसं?’ ऑइल ‘मिन’च्या रेषेला टेकलं होतं. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन बाहेर सरकत जातो आणि डबीतली पातळी उतरते. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलावा लागतो, ऑइल परत वर येतं. शिवाय नवं ऑइल जवळपास पाण्यासारखं फिकट पिवळं असतं, माझं कोऱ्या चहासारखं झालं होतं. बॉनेट उघडून अर्धं मिनिट बघितलं असतं तर पॅड आणि ऑइलची ३,५०० रुपयांची लबाडी गॅरेजच्या दारातच कळली असती. मी मात्र मोगऱ्याचा वास घेत घरी आलो होतो.

चाक काढलं. चाचांनी कॅलिपरचे बोल्ट दाखवले, त्यांवर गंज आणि धूळ एकजीव झालेली. ‘पाना लागलेला दिसतो का कुठे? हे कोणी खोललेलंच नाय, भाऊ.’ डिस्कच्या कडेला नख अडकेल एवढी धार होती. फेसिंग केलं असतं तर ती उरली नसती. पॅड माझे जुनेच, जेमतेम दोन मिलिमीटर राहिलेले. नवे साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतात आणि तीनवर आले की बदलावेत.

पेडल मऊ का झालं, तेही त्यांनी काम करता करता सांगितलं. पॅड जाड असला की डिस्कची उष्णता मागे पोहोचायला वेळ लागतो, पातळ झाला की ती सरळ ऑइलला भिडते. त्यात ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. त्याच्या डब्यावर ‘डॉट ४’ लिहिलेलं असतं. असं कोरं ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की १५५ अंशांनाच उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते. ऑइल दबत नाही, वाफ दबते, म्हणून पाय खाली जातो. गार झालं की वाफ विरते, पेडल ठीक होतं आणि माणूस निर्धास्त होऊन पुढच्या उतारावर जातो. माझ्या गाडीला दर दोन वर्षांनी ऑइल बदला असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय. ते पान मी चाचांच्या शेडमध्ये बसून पहिल्यांदा वाचलं.

मग मला तो फोटो आठवला. चाचांनी मोबाइल लांब धरून पाहिला आणि हसायलाच लागले. ‘हे तुमच्या गाडीत बसतील तरी का? हे मोठ्या गाडीचे.’ माझे पॅड शेजारी ठेवले. आकार वेगळा, कान वेगळे. मला घाबरवायला तो मालक दुसऱ्याच कुणाच्या गाडीतून निघालेलं भंगार फडक्यात गुंडाळून आला होता. रोज किती जणांना तेच दोन पॅड दाखवत असेल कोण जाणे.

खाली वाकून ‘रबर कोटिंग’वर बोट फिरवलं तर काळं आलं. वास जळक्या इंजिन ऑइलचा. चिखल धुण्याचीही तसदी न घेता वरून मारलेलं. डिस्कवर उडालं नाही हे नशीब. इंजेक्टर साफ झाले की नाही ते देव जाणे. पेट्रोलच्या टाकीत एक बाटली ओतली असेल, किंवा नसेलही.

नवे पॅड, ऑइल, नळीतली हवा काढणं, मजुरी मिळून चाचांनी २,६०० घेतले. जुने पॅड न मागता वर्तमानपत्रात गुंडाळून डिक्कीत ठेवले आणि नव्या पॅडचा एमआरपी छापलेला रिकामा खोकाही दिला.

पुण्याला परतल्यावर गॅरेजमध्ये गेलो. मालक म्हणाला, ‘तुम्ही बाहेर गाडी खोलली, आता आमची जबाबदारी नाही.’ कागद दाखवला तर, ‘हा आमचा कशावरून?’ खरंच, कशावरून? नाव नव्हतंच त्यावर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला, त्यांनी तक्रार नोंदवून घेतली आणि पहिला प्रश्न केला तो बिलाचा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत जाता येतं, हे सगळं मी शोधून काढलं. यूपीआयची नोंद, तो फोटो आणि चाचांनी लिहून दिलेल्या दोन ओळी घेऊन आयोगात जाणार, असं मालकाला सांगितलं. तिसऱ्या दिवशी ४,००० रुपये परत आले, सोबत निरोप : ‘मिटवून टाका साहेब.’ मी मिटवलं. बायकोला हे अजून पटलेलं नाही, आणि तिचंच बरोबर असावं.

यंदा मी गाडी दुसरीकडे नेली. आधी कामाची यादी कागदावर लिहून घेतली, किलोमीटर टाकायला लावले. बायकोच्या नेलपॉलिशने पुढच्या दोन्ही पॅडच्या कडेला आणि बॅटरीवर ठिपके दिले. ‘जुना माल मला परत हवा’ हे काम सुरू होण्याआधीच सांगितलं, आणि चाक निघत होतं तोवर उलट्या क्रेटवर बसून राहिलो. मेकॅनिक जरा चिडला. नंतर त्यानेच मला पॅडची जाडी मोजून दाखवली : सात मिलिमीटर, बदलायची गरज नाही. पक्कं बिल ९४० रुपये झालं, जीएसटी धरून.

परवा सिंहगड रस्त्यावरून येताना तो फ्लेक्स पुन्हा दिसला. यंदा ४० पॉइंट आहेत.