सँपलरच्या शेजारी कुठला सिंथ? व्होल्का कीज, मायक्रोफ्रीक की मोनोलॉग

सँपलर, म्हणजे बाहेरचे आवाज रेकॉर्ड करून त्यांचे तुकडे पॅडवर (बटणांवर) वाजवणारं यंत्र, घेऊन पाच-सहा महिने झाले की नवी तहान लागते. रेकॉर्ड कापून झाल्या, घरातली पेटी झाली, कुकरच्या शिट्ट्याही झाल्या. आता पाटी कोरी धरून स्वतःचा आवाज काढणारं काहीतरी, म्हणजे सिंथ (सिंथेसायझर), हवं असं वाटायला लागतं. माझ्याकडे रोलँडचा एसपी-४०४ एमके२ हा सँपलर आहे. त्याच्या जोडीला कॉर्गचा व्होल्का कीज मित्राकडून उसना आणला, आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक दुसऱ्या एकाच्या घरी जाऊन-येऊन वाजवला, आणि कॉर्गचाच मोनोलॉग शेवटी सेकंडहँड विकत घेतला. म्हणजे निकाल पहिल्याच परिच्छेदात फुटला. तरी पुढचं वाचा, कारण तुमची गरज माझ्यासारखीच असेल असं नाही.

सँपलर शेजारी असला की सिंथ निवडण्याचं गणितच बदलतं. एका वेळी किती सूर वाजतात, हा एरवी पहिला प्रश्न. इथे तो जवळजवळ बाद होतो. एकसुरी सिंथवर सा, ग, प वेगवेगळे वाजवा, तीन पॅडवर घ्या, कॉर्ड तयार. इफेक्ट्सचंही तसंच. एसपीमध्ये ते इतके आहेत की सिंथमध्ये नसले तर चुकल्यासारखं वाटत नाही. मग उरतं काय? मूळ आवाजाचा पोत, हाताला मिळणारा आनंद, आणि एक तिसरी गोष्ट. ती मला फार उशिरा कळली.

व्होल्का कीज २०१३ पासून बाजारात आहे आणि या तिघांत सगळ्यात स्वस्त. तीन सूर, सहा पेन्सिल सेल, पोटातच स्पीकर. गादीवर लोळत वाजवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. आणि त्याचा डिले, म्हणजे प्रतिध्वनी! जरा खरखरीत, कडेला धूळ बसलेला, पण तोच एसपीत घेतला की सोनं. मात्र तो आवाज लक्षात ठेवत नाही. सीक्वेन्स (सुरांचा क्रम) साठवतो, नॉबच्या हालचाली साठवतो. नॉब मुळात कुठे उभे होते ते साठवत नाही. पॅनेलवर दिसतं तेच कानाला ऐकू येतं. हा दोष म्हणता येणार नाही, यंत्राची जातच तशी आहे, आणि काही लोक नेमकं त्यासाठीच ते घेतात.

मलाही ते पटलं होतं. सँपलर हीच स्मरणशक्ती, असं मी दोन-तीन जणांना ऐकवलंसुद्धा. आवाज सापडला, रेकॉर्ड केला, संपलं.

मग झालं असं. एका गाण्यासाठी व्होल्कावर बेस जमवली. गायिकेचा सा काळी चार, म्हणून बेसचा तो एकच सूर घेतला आणि एसपीच्या क्रोमॅटिक मोडवर, म्हणजे एकच सँपल पॅडवर वेगवेगळ्या सुरांत, पसरला. महिन्याभराने गायिकेच्या जागी गायक आला, त्याचा सा काळी एक. बेस सात अर्धस्वर खाली न्यायची होती. सँपल खाली नेलं की त्याचा वेगही पडतो, आणि सात अर्धस्वर म्हणजे वेग जवळपास दोन-तृतीयांश. सा-पचं नातंच ते. फिल्टर (आवाजाची धार कमी-जास्त करणारा भाग) मिटायला जिथे पाव सेकंद लागायचा तिथे आता दीडपट वेळ. आवाजातली थरथर सुस्तावली, सुरुवातीचा ठोका जेवणानंतर जांभई दिल्यासारखा. पाच अर्धस्वर वर नेऊन पाहिली, तर बेसचा डास झाला. मूळ आवाजाकडे जाऊन योग्य पट्टीत पुन्हा रेकॉर्ड करणं एवढाच उपाय होता. नॉबचे फोटो माझ्याकडे होते, तेही तिरके काढलेले. फिल्टरचा नॉब केसभर इकडे-तिकडे झाला की ती बेस ती राहत नाही. दोन संध्याकाळी गेल्या. जवळपास जाणारं काहीतरी मिळालं, तेच नाही मिळालं.

चूक माझी. तेव्हाच चार पट्ट्यांत रेकॉर्ड करायला हवं होतं. पण मी ते करत नाही, आणि तुम्हीही बहुधा करणार नाही. आवाज सापडल्याच्या आनंदात कोण हिशेब ठेवतो? त्या दिवसापासून माझ्या यादीत एकच अट वर गेली: सँपलरच्या जोडीच्या सिंथला स्वतःची आठवण हवी. सँपल म्हणजे आवाजाचा फोटो. वेगळ्या कोनातून हवा असेल तर माणूस पुन्हा समोर बसवावा लागतो.

या अटीवर मायक्रोफ्रीक आरामात बसतो. २०१९ चं हे यंत्र खरं तर तिघांत सगळ्यात हुशार. डिजिटल ऑसिलेटरचे (मूळ सूर तयार करणाऱ्या भागाचे) ढीगभर प्रकार, त्यापुढे एक ॲनालॉग फिल्टर, आणि बोटाच्या दाबाला कीबोर्डची प्रत्येक पट्टी वेगळी दाद देते. एकच सिंथ घ्यायचा असेल, कधी सँपलरशिवायही वाजवायचा असेल, तर डोळे झाकून हाच घ्या म्हणेन. माझी अडचण वेगळीच आहे. तो दाबाचा खेळ सँपलमध्ये गोठतो. एकदा घेतला की दर वेळी तीच ओढ, तीच लकेर. शिवाय सॉफ्टवेअरच्या पाचव्या आवृत्तीपासून तो स्वतःच सँपल आणि ग्रॅन्युलर (सँपलचे बारीक कण करून वाजवणारे) प्रकार वाजवतो, म्हणजे शेजारी बसलेल्या एसपीच्याच ताटात हात घालतो. आणि ते मॉड्युलेशनचं मॅट्रिक्स, कशाने काय हलवायचं ते जोडणारा तक्ता! मी दोन तास त्यात रमतो आणि उठताना रेकॉर्ड काहीच केलेलं नसतं. हा माझा स्वभाव, त्याला यंत्र काय करणार.

मोनोलॉग त्या मानाने साधा गडी. एका वेळी एकच सूर, दोन ऑसिलेटर, एन्व्हलप (वेळेनुसार आकार देणारा भाग) एकच. त्यामुळे फिल्टरला आणि आवाजाच्या चढ-उताराला वेगवेगळा आकार द्यायचा म्हटलं की हात बांधले जातात. २५ बारीक पट्ट्या, जाड बोटांना अडचणीच्या. पण ड्राइव्हचा (आवाज फाटवणारा) नॉब थोडा वर घेतला की फिल्टर चावायला लागतो. तसा चावा बाकी दोघांत मला सापडला नाही; मोजून नव्हे, कानाने सांगतोय. आणि शंभर आवाज तो लक्षात ठेवतो. शंभर पुरतात.

शिवाय एक गोष्ट अनपेक्षित हाती लागली. मोनोलॉगमध्ये मायक्रोट्यूनिंग आहे, म्हणजे प्रत्येक सूर थोडा वर-खाली लावता येतो. इलेक्ट्रॉनिक संगीतकार एफेक्स ट्विन म्हणजे रिचर्ड जेम्स या यंत्राच्या घडणीत सल्लागार होता. आपल्याला मायक्रोट्यूनिंगचा वेगळाच उपयोग. तंबोऱ्याचं सँपल लूपवर टाकलं की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. सिंथचा नेहमीचा शुद्ध गंधार त्याच्याहून सुमारे १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा, म्हणून दोघं एकत्र आले की सूर डुचमळतो. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दारं बंद ठेवली, त्यामागे पक्क्या स्वरांचीही तक्रार होती. ती तक्रार मला माझ्या खोलीत कळली. मोनोलॉगवर गंधार १४ सेंट उतरवला, धैवत सोळाएक, आणि तंबोरा शांत झाला. ठेक्याखाली नुसती बेस हवी असेल तर या सगळ्याची गरज नाही, हेही खरं.

जोडणीबद्दल एक सांगतो, कारण त्यात माझी एक रात्र गेली. एसपीचं मिडी (यंत्रांनी एकमेकांना सूर-ताल सांगायची भाषा) साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमधून निघतं, आणि व्होल्का व मोनोलॉगचं सिंकही (ताल जुळवणारा सिग्नल) तसल्याच जॅकमध्ये जातं. वायर बसते, पण काम होत नाही. एकीकडून मिडीचा संदेश जातो, दुसरीकडे साधा ठोका अपेक्षित असतो. गोल पाच पिनांचं अडॅप्टर घ्या आणि मिडीतच घाला. शक्य तेव्हा सँपलर आणि सिंथ दोन्ही सेलवर चालवा; माझ्या लॅपटॉपचा चार्जर लागला की प्रत्येक सँपलमागे एक भुंगा बसलेला असायचा.

बजेट अगदीच कमी असेल तर व्होल्का घ्या, फक्त आवाज सापडला की त्याच क्षणी तीन-चार पट्ट्यांत रेकॉर्ड करायची शिस्त लावून घ्या. शोध घेण्यातच मजा वाटत असेल तर मायक्रोफ्रीक. सेकंडहँड मोनोलॉग बघायला गेलात तर एक आवाज बदलून साठवा, बंद करा, चालू करा, तो जागेवर आहे का पाहा. मग प्रत्येक नॉब सावकाश फिरवत स्क्रीनवरचा आकडा उड्या मारतो का तेवढं बघा.

मित्राचा व्होल्का मी परत केला. त्याच्या डिलेचे अकरा तुकडे मात्र एसपीत ठेवून घेतले आहेत, चार-चार पट्ट्यांत.