जुन्या गाडीचं सनरूफ आणि भोसरीत घडवून घेतलेले पार्ट : १६ महिन्यांच्या वापरानंतर

संक्रांतीच्या संध्याकाळी तीळगूळ देऊन परत येत होतो. सोसायटीच्या गेटात सनरूफ बंद करायला बटण दाबलं आणि डोक्यावर ‘कट्ट’ झालं. काच उजवीकडून नीट बसली, डावीकडचा मागचा कोपरा मात्र बोटभर वरच. पुन्हा बटण दाबलं तर मोटार नुसती घुरघुरते, काच ढिम्म. ही गोष्ट जानेवारी २०२४ची. तिथपासून जूनपर्यंत गाडीच्या छतावर खाकी चिकटपट्टी आणि दुधाच्या पिशव्या होत्या, आणि घरात ‘ते भोक’ हा शब्द रूढ झाला होता.

गाडी २००८ची, युरोपियन सेडान. २०१७मध्ये दुसऱ्या मालकाकडून घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे दुखणं काही एकट्या तिचं नाही. त्या काळातल्या बऱ्याच सनरूफांच्या पोटात साधारण हाच संसार असतो. दोन बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचे चॅनेल, त्यात सरकणारे प्लॅस्टिकचे बूट, काच उचलणारी एकेक पत्ती आणि मोटारीच्या गिअरमध्ये अडकून पुढेमागे जाणाऱ्या, पीळ दिलेल्या दोन केबल. पत्तीत एक वाकडी खाच असते. त्या खाचेतून पिन फिरली की काचेची मागची कड आधी वर किंवा खाली होते, मग काच सरकते. माझी डावीकडची पत्ती खाचेपाशीच तुटली होती. जस्ताची ओतीव पत्ती. तुटल्या जागी करडे, साखरेसारखे दाणे दिसत होते. आणि तिच्यासोबत बुटाचा एक कानही, म्हणजे बाजूला निघालेला भाग, गेला होता.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं होतं. पत्ती सुटी येत नाही, आख्खी फ्रेम घ्या. १ लाख १८ हजार, मजुरी वेगळी, आणि पार्ट कधी येईल ते नक्की नाही. गाडी विकायला काढली तर अडीच लाख मिळाले तरी नशीब. चहा अर्धा ठेवून उठलो. नाना पेठेत दोन दिवस घातले. काच मिळत होती, मोटार मिळत होती, पत्तीचं नाव काढलं की माना हलत. मग एका रविवारी कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात गेलो. तिथे त्याच मॉडेलची फ्रेम खरंच सापडली. घामाघूम होऊन ती उलटीपालटी केली, तर तिचीही डावी पत्ती, तिथेच तुटलेली! नेहमीच्या मेकॅनिकचा सल्ला वेगळाच होता : “साहेब, सिलिकॉन मारून टाकू. कायमची बंद. हवा लागायची तर खिडकी आहे की.” बरेच जण हेच करतात आणि सुखी राहतात. मी मात्र एव्हाना इरेला पेटलो होतो.

पार्ट बनवणं अवघड नाही. पुण्यात, भोसरी-चाकण पट्ट्यात, काहीही बनवून मिळतं. अवघड आहे ते काय बनवायचं हे सांगणं. मी पहिल्यांदा तुटलेला बूट व्हर्नियरने मोजला : रुंदी ११.४० मिमी. मग शाबूत असलेला उजवा मोजला : ११.६२. आता खरं कुठलं? पंधरा-सोळा वर्षं घासून दोन्ही झिजलेले. यांची नक्कल करायची म्हणजे झिजेचीही नक्कल करायची. चार दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की बूट सोडून चॅनेल मोजायला हवा, आणि तोही जिथे बूट क्वचितच पोचतो तिथे, अगदी मागच्या टोकाला. तिथे चॅनेल आतून १२.०० मिमी भरला. पुढे, रोजच्या वापराच्या जागी, १२.१०. मूळ बूट साधारण ११.८०-११.८५चा असणार, हा अंदाज तिथून आला.

मग थ्रीडी प्रिंट. भाच्याच्या कॉलेजातल्या मित्राकडे मशीन होतं, त्याने पीएलए या प्लॅस्टिकचे तीन नमुने काढून दिले. बसतंय का हे बघायला ही वस्तू फार उत्तम, पैसाही फारसा लागत नाही. पण ती गाडीत ठेवू नका. मी तिसरा नमुना जागेवर तसाच ठेवून ऑफिसला गेलो. एप्रिल महिना, गाडी उन्हात. संध्याकाळी पाहिलं तर बुटाचे दोन्ही कान मेणासारखे मिटलेले. पीएलए ६० अंशांच्या आसपास नरम पडतं, आणि आयआर थर्मामीटरने बघितलं तर काचेच्या फ्रेमचं तापमान दुपारी ६८ होतं. एएसए हे दुसरं प्लॅस्टिक वापरलं असतं तर टिकलं असतं. ते शंभरेक अंशांपर्यंत तग धरतं आणि उन्हानेही लवकर खराब होत नाही. पण प्रिंट थरांवर थर चढवून होतं. बुटाचा कान नेमका आडवा जोर खातो, आणि प्रिंट थराच्याच रेषेवर सोलून निघते. म्हणून बूट कोरूनच करायचा ठरवला.

नायलॉन की डेल्रिन (तेही एक कडक प्लॅस्टिकच), यावर भोसरीतल्या मशीनवाल्या काकांशी अर्धा तास हुज्जत झाली. त्यांच्याकडे नायलॉनचा तुकडा पडलेला होता आणि तो संपवायची त्यांना घाई होती. नायलॉन झिजेला चांगलं, मान्य. पण ते हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. पावसाळ्यात दोन महिने दमट हवेत चॅनेलमध्ये बसणारी वस्तू नायलॉनची नको. डेल्रिन पाणी फार कमी घेतं आणि मुळातच गुळगुळीत असतं. शेवटी काका म्हणाले, “आणा मग तुमचं डेल्रिन. पण साहेब, जॉब एक असो का पन्नास, सेटिंग तेवढंच लागतं. एकाचे पैसे ऐकून तुम्हीच म्हणाल लुटलं.” म्हणून सहा बूट करून घेतले. लागतात चार.

पत्ती एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलच्या ३ मिमी पत्र्यातून वायरकटवर, म्हणजे बारीक तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या मशीनवर, कापली. इथे एक गंमत शिकलो. खाच सगळीकडून बंद असेल तर तार आत घालायला आधी भोक पाडावं लागतं, आणि हे ड्रॉइंगमध्ये दाखवलं नाही तर मशीनवाला फोन करतो, तोही तुम्ही मीटिंगमध्ये असताना. वायरकटची कड हाताला खरखरीत लागते. पिन त्याच कडेवरून फिरणार, म्हणून खाच आतून आधी ४०० आणि मग ६००च्या पॉलिश पेपरने घासली. चिमट्याला कागद गुंडाळून, टीव्ही बघत, दोन संध्याकाळी. पिन ४ मिमीची, खाच ४.१. स्टील थेट चॅनेलवर घासू द्यायचं नाही हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. अ‍ॅल्युमिनियम मऊ, ते ओरबाडून निघेल. मधे डेल्रिनचा बूट आहे तो त्यासाठीच. झिजायचं ते त्याने झिजावं.

आता माझी चूक. पहिल्या खेपेला बूट ११.९५चे करून घेतले. अंदाज ११.८५च्या आतला होता, तरी वाटलं, जितकं घट्ट तितकं चांगलं, खडखड नको. मेच्या पहिल्या आठवड्यात बसवले आणि सकाळी सातला चालवून पाहिले. लोण्यासारखं चाललं! सोसायटीतल्या दोघांना बोलावून दाखवलंसुद्धा. त्याच आठवड्यात दुपारी दोनला सातारा रोडवर काच अर्ध्यात अडकली, ती ऊन उतरेपर्यंत. घरी येऊन हिशेब मांडला. डेल्रिन तापलं की अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ पाचपट फुगतं. १२ मिमीच्या बुटाला ४० अंशांचा फरक म्हणजे अर्ध्या दशांश मिलिमीटरच्या आसपास वाढ, चॅनेल रुंदावतो त्याच्या पाचव्या भागाने. मी सोडलेली फट होती नेमकी अर्धा दशांश. त्यात ग्रीस आणि धूळ. अडकणार नाही तर काय? काकांनी ११.८०वर आणून दिले, जास्तीचे पैसे न घेता, पण तोंडभर हसून.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हा दुसरा सेट बसला. आता ऑक्टोबर २०२५. दोन पावसाळे, एक आख्खा उन्हाळा, आंबोली घाटातून गोव्याची एक फेरी. काच एकदाही अडकलेली नाही. गेल्या महिन्यात छताचं सिलिंग (आतलं अस्तर) उतरवायचं दुसरं काम निघालं तेव्हा बूट पुन्हा मोजला : ११.७४. सोळा महिन्यांत सहा शतांश. पत्तीच्या खाचेवर पिनेची चकाकी आहे, ओरखडा नाही.

सगळंच छान आहे असं नाही. थंडीत सकाळी खराब रस्त्यावर डावीकडून बारीक टकटक येते. तापलं की जाते. ती त्या दोन दशांशांच्या फटीची किंमत. बायकोला ऐकू येत नाही, मला येते. ताशी नव्वदच्या पुढे शिट्टीही वाजायची, पण तो दोष पार्टचा नव्हता. मी काच छताशी अगदी सपाट लावली होती. पुढची कड छतापेक्षा किंचित खाली आणि मागची किंचित वर ठेवली, शिट्टी गेली.

बसवताना सगळ्यात जास्त रडवलं केबलींनी. दोन्ही केबली गिअरवर एकाच वेळी, सारख्या जागी बसाव्या लागतात. माझी डावी एक दाता पुढे राहिली. एक दाता म्हणजे किती ते, पण काच तिरकी जाते आणि नव्या बुटावर तोच आडवा जोर येतो. म्हणजे ज्या रोगाने पहिला बूट मेला असावा, तोच मी नव्याला लावून देत होतो. काच पूर्ण बंद स्थितीत ठेवून मोटार काढायची, दोन्ही बाजू खुणेला आणायच्या, मग मोटार लावायची. त्यानंतर बटण दाबून धरून मोटारीला तिची हद्द पुन्हा शिकवायची. घरात लहान मुलं असतील तर काच अडली की मागे फिरते का हे बघाच, पण बोट घालून बघू नका. मी काकडी धरली. काच टेकली, थांबली, मागे गेली. काकडीवर वळ उठला एवढंच. कोशिंबीर झाली.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मला सगळ्यात जास्त तेच विचारलं जातं. सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवत नाही आणि त्याने ते अडवावं अशी अपेक्षाही नसते. आत आलेलं पाणी फ्रेमच्या पन्हळीत जमतं आणि चार कोपऱ्यांतल्या नळ्यांनी खांबांमधून खाली जातं. पायाशी गालिचा ओला झाला की लोक रबर बदलतात, आणि नळीत बसलेला असतो पर्जन्यवृक्षाचा पाला. पार्ट बसवल्यावर पन्हळीत तांब्याने पाणी ओतलं. तिन्ही कोपऱ्यांचं पाणी गाडीखाली धारेने आलं, मागच्या उजव्याचं आलंच नाही. शेजारचा म्हणाला कॉम्प्रेसरची हवा मारा. मारू नका, खांबाच्या आत नळी सांध्यातून निखळली तर पुढचं सगळं पाणी थेट गाडीत. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची तार, टोक काडेपेटीने वितळवून गोल केलेली, हळूहळू फिरवत घातली. काळा गाळ आणि पाठोपाठ एक मुंगळा. २५ जुलै २०२४ला सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, त्या आठवड्यात गाडी सलग उघड्यावर होती. आत थेंब नाही.

ग्रीसचं एक. चॅनेलमध्ये गॅरेजचं पिवळं ग्रीस भरू नका. धूळ धरून त्याची खरड होते, आणि पेट्रोलियमचं काहीही रबराला लागलं की ते फुगतं. जुनं सगळं पुसून काढलं, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला. वर्षातून दोनदा, होळीला आणि दसऱ्याला. दसऱ्याला गाडी धुतली जातेच.

खर्च सांगतो. प्रिंटचे नमुने १,२००, वायरकट दोन पत्त्या २,६००, डेल्रिनचे सहा बूट मालासकट ४,८००, सिलिंग उतरवणं-चढवणं ३,५००. म्हणजे १२,१००, आणि पाच महिन्यांचे रविवार. रविवारांचा भाव लावला तर फ्रेमच स्वस्त पडली असती, हे आमच्या बाबांचं मत. काच, काचेचं रबर आणि केबल मात्र बनवायच्या फंदात पडू नका. त्या विकतच घ्या, जुन्या का होईनात. चॅनेल वाकला असेल तर तर हा उद्योगच सोडा आणि सिलिकॉन मारा.

हे ऐकून नाशिकच्या एका गृहस्थांनी फोन केला. गाडी तीच, बाजूही तीच. काकांकडे प्रोग्राम तयार आहे, बूट लगेच होतील, फक्त तुमच्या चॅनेलचं माप मागच्या टोकापाशी घेऊन कळवा, असं त्यांना दोनदा सांगितलं. हो हो म्हणाले. परवा त्यांचं कुरिअर आलं. डबा उघडला, तर आत कापसात नीट गुंडाळलेला तुटका बूट.