गुडघ्यातला ‘मवाद’ काढून देणारे डॉक्टर

साठी ओलांडलेला, एक पाय ओढत चालणारा माणूस, सोबत कोणी नाही, हातात पासबुक किंवा एक्स-रेचं मोठं पाकीट. गुडघ्यातला ‘मवाद’, म्हणजे पू, काढून देतो असं सांगून पैसे उकळणाऱ्या टोळ्या अशीच माणसं हेरतात. त्यांच्या जागाही ठरलेल्या: बँकेच्या पायऱ्या, सकाळची बाग, देवळाबाहेरचा बाक, हाडांच्या दवाखान्यासमोरचा रिक्षा थांबा. मुंबई, ठाणे, पुणे, सगळीकडे पद्धत जवळपास तीच.

सुरुवात करणारा चांगल्या कपड्यातला, अदबीने बोलणारा असतो. “काका, गुडघ्याचं दुखणं दिसतंय. माझ्या आईचं असंच होतं, ऑपरेशनची तारीखसुद्धा घेतली होती. आता जिने चढते.” डॉक्टरचा नंबर तो सहजासहजी देत नाही. डॉक्टर बाहेरगावचे, महिन्यातून एकदा येतात, ओळखीशिवाय बघत नाहीत, असं सांगतो. काका मागे लागले की त्यांचाच नंबर घेतो. दोन दिवसांनी ‘डॉक्टरां’चा फोन येतो, त्या ‘आई’चा हवाला देऊन. मधल्या दोन दिवसांत संशय यायला हवा, पण होतं उलटंच: माणूस फोनची वाट बघायला लागतो.

घरी येतात दोघे, एक डॉक्टर आणि एक मदतनीस. तपासण्याआधी चौकशी होते ती घरात कोण असतं, मुलगा कुठे नोकरीला, किती वाजता येतो, याची. मग गुडघा दाबून बघतात आणि निदान देतात: आत मवाद साचलाय, तो काढला की झालं. दर थेंबामागे सांगितला जातो, आणि इथेच खरी मेख आहे. “एका थेंबाचे तीन हजार, दहा-बारा निघतील” असं म्हटलं की माणूस मनात छत्तीस हजारांचा हिशोब करून मान डोलावतो. मग ब्लेडने दोन-तीन बारीक चिरा, त्यावर तुंबडी किंवा धातूची नळी, आणि तोंडाने ओढणं सुरू. मदतनीस मोठ्याने मोजत असतो. पिवळट, चिकट काहीतरी कागदावर किंवा वाटीत पडत राहतं आणि आकडा दीडशेवर जाऊन थांबतो. तीन हजारांच्या दराने हे झाले साडेचार लाख. नाही म्हणायची सोय उरत नाही, कारण ‘मवाद’ समोर दिसतोय आणि दर आधीच कबूल केलाय.

आता शरीराचं बघू. निरोगी गुडघ्यात वंगणासारखा द्रव असतो, पाच मिलिलिटरपेक्षाही कमी. झीज झाल्याने किंवा मार लागून गुडघा सुजला तर तो वाढतो, पण तो सांध्याच्या जाड पिशवीत बंद असतो. कातडीवरच्या चिरेतून ओढून तो बाहेर येत नाही. येतं ते कातडीतलं रक्त. हा द्रव खरोखर काढायचा असेल तर निर्जंतुक सुई सांध्याच्या आतपर्यंत न्यावी लागते, तो सिरिंजमध्ये येतो आणि तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातो. आणि खरा पू झालेल्या माणसाला ताप असतो, गुडघा लाल आणि गरम असतो, पाय टेकवणंही अशक्य होतं. तो माणूस बागेत फिरायला येऊच शकत नाही. त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं लागतं. वाटीतला पिवळा पदार्थ नळीत, तोंडात किंवा बोटांच्या फटीत आधीच दडवलेला असतो. आणखी एक साधा हिशोब: एका मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब मावतात. दीडशे थेंब म्हणजे साडेसात मिलिलिटर, जेमतेम दीड छोटा चमचा.

तरीही त्या संध्याकाळी दुखणं कमी वाटतं, हे खोटं नाही. तासभर चोळलेलं असतं, झोंबणारं मलम लावलेलं असतं, चिरांची आग मूळ दुखण्यावर मात करते. शिवाय जाताना पुड्या दिलेल्या असतात.

या पुड्या वेगळ्याने समजून घ्यायला हव्यात, कारण पैसे गेल्यानंतरचं नुकसान त्यांच्यातच असतं. ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या पावडरींत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स आणि डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं मिसळलेली अनेकदा सापडली आहेत. वर्षांचं दुखणं दोन दिवसांत पळालं तर आनंदापेक्षा शंका यायला हवी. काही आठवड्यांत चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, जरा लागलं की काळेनिळे डाग पडतात. वेदनाशामकाने पोटात रक्तस्राव झाला तर शौचाला काळी होते, आणि वयस्कर माणसाची मूत्रपिंडं धोक्यात येतात. इथे घरचे लोक एक घाई करतात: कळल्याबरोबर पुड्या फेकून देतात. बरेच आठवडे स्टेरॉइड पोटात गेलं असेल तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करणं कमी करतं; एकदम बंद केलं की उलट्या, गळाठा, रक्तदाब कोसळणं असे प्रकार होतात. उरलेली पुडी घेऊन त्याच दिवशी फिजिशियनकडे जा, किती दिवस आणि दिवसातून किती वेळा घेतली ते सांगा. बंद कशी करायची ते ते ठरवतील. पुडी पुरावाही आहे.

याच धंद्याचा दुकानातला अवतार आहे. तिथे चिरा नाहीत, फक्त चिठ्ठी. रस्त्यात भेटलेला माणूस सहा-सात औषधांची नावं लिहून देतो आणि एका विशिष्ट दुकानात पाठवतो, कधी स्वतः सोबत येतो. पहिली चार-पाच नावं सुंठ, अश्वगंधा अशी ओळखीची, किंमत किरकोळ. शेवटची एक-दोन ‘भस्मं’ असतात. त्यांचा दर विचारला तर सांगितला जातो, पण तो दर ग्रॅमचा की तोळ्याचा, हे मोघम ठेवतात. एकूण रक्कम सांगण्याआधीच सगळं खलबत्त्यात पडतं आणि कुटलं जातं. मग बिल येतं साठ-सत्तर हजारांचं. “आता मिसळलं, परत कसं घेणार?” दुकानात पाऊल पडलंच असेल तर खलात काही पडण्याआधी प्रत्येक ओळीचं वजन आणि रक्कम छापील बिलावर मागा. खरं तर एवढं मागितल्यावर औषध बहुधा मिळतच नाही.

लोक भोळे असतात म्हणून फसतात, हे स्पष्टीकरण आम्हाला पटत नाही. दवाखान्यात दोन तास बसून तीन मिनिटं मिळतात. गुडघ्याला हात न लावता एमआरआय लिहिला जातो, नाहीतर “वय झालं, सांधा बदलावा लागेल” एवढं ऐकून माणूस बाहेर पडतो. भोंदू तासभर बसतो, जमिनीवर मांडी घालून पाय हातात घेतो. ऑपरेशनच्या खर्चाची भीतीही तोच वाढवतो. म्हणून हे माहीत असलेलं बरं: ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ती तेव्हा जीएसटी सोडून 54,720 रुपये होती. रुग्णालयाने सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर बिलात वेगळा दाखवायचा असतो. आणि बहुतेक दुखऱ्या गुडघ्यांना लगेच ऑपरेशन लागतही नाही. एक्स-रे उभं राहून काढलेला हवा, झोपून काढलेल्यात सांध्यातली फट खोटी रुंद दिसते. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करावे लागतात, फरक दिसायला सहा ते बारा आठवडे जातात. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

प्रकार घडून गेला असेल तर आधी चिरांकडे बघा. ब्लेड आणि तोंड दोन्ही अस्वच्छ. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्हीच्या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. एचआयव्ही टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, त्यामुळे लाजेपोटी दिवस काढू नका. गुडघा गरम झाला, ताप आला, तर थेट रुग्णालय.

पैसे चेकने दिले असतील आणि तो वटला नसेल तर बँकेला तो थांबवायला सांगा. ऑनलाइन गेले असतील तर बँक आणि सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930, दोन्हीकडे लगेच फोन करा. पोलिस ठाण्यात जाताना ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील, फोन नंबर आणि कॉलची यादी न्या. सोसायटीचं सीसीटीव्ही चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, ते पहिल्याच दिवशी कॉपी करून घ्या; रिक्षाने आले असतील तर गेटवरची नोंदवहीही बघा. वाटी, कापूस, कागद धुऊ नका. तक्रारीत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) व 319 (तोतयेगिरी करून फसवणूक) बरोबर महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, 1961 च्या कलम 33 चा उल्लेख करायला सांगा. नोंदणीशिवाय वैद्यकी करण्याबद्दलचं कलम ते आहे. आई-वडील पोलिसांकडे जायला कचरत असतील तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या हेल्पलाइनवर आधी बोलता येतं.