‘दोन्ही हातांनी चालतो’ म्हणून घेतलेला चाकू आणि रिफंडचा सापळा

डावखुऱ्या माणसाला खिशातला घडीचा चाकू शोधणं म्हणजे वैताग. स्वस्तातले बहुतेक लायनर लॉकचे असतात. मुठीच्या आत पोलादी पट्टी असते. पातं उघडलं की ती पात्याच्या बुडाशी सरकून अडते, आणि तिला बाजूला सारायची सोय उजव्या अंगठ्यासाठीच केलेली असते. डाव्या हाताने बंद करायचा तर तर्जनी वाकवून पट्टी ओढावी लागते, तीही पात्याच्या वाटेत. क्रॉसबार लॉकची गोष्ट वेगळी. आडवी पिन मुठीच्या आरपार जाते, तिची टोकं दोन्ही बाजूंना बाहेर असतात. कुठल्याही हाताने मागे ओढा, पातं सुटतं. बेंचमेड या अमेरिकन कंपनीचं हे लॉक बरीच वर्षं महागड्या चाकूंपुरतंच होतं. पेटंट संपल्यावर इतरांनीही ते उचललं आणि किंमत उतरली. त्यामुळे अशा चाकूची ८९९ रुपयांची जाहिरात फोनवर आली तेव्हा ती अगदीच अशक्य वाटली नाही.

व्हिडिओत डाव्या हाताने एक जण चाकू उघडतो, दोरखंड कापतो, पिन ओढून बंद करतो. पिन स्पष्ट दिसते. मला ठिबकच्या नळ्या आणि खताच्या गोण्यांची सुतळी कापायला नेमकं हेच हवं होतं.

कॅश ऑन डिलिव्हरी. कुरिअरवाला पैसे घेतल्याशिवाय पाकीट फोडू देईना. आत निघाला साधा लायनर लॉक. पातं उघडायचा खुंट एकाच बाजूला, खिशाला अडकवायच्या क्लिपची भोकंही एकाच बाजूला, म्हणजे क्लिप फिरवून लावायचीही सोय नाही. पात्यावर ‘डी२’ (पोलादाचा एक प्रकार) कोरलेलं. ते खरं की खोटं, घरी बसून कळत नाही, असा शिक्का कुणीही मारू शकतो. लॉक मात्र तपासता येतं. बोटं पात्याच्या वाटेतून काढून मी पात्याची पाठ लाकडावर हलकेच दाबली, तर चाकू मिटला! सुतळी कापताना हे झालं असतं तर बोट गेलं असतं.

खरी गंमत पुढे. साइटवर पत्ता नव्हताच, फक्त व्हॉट्सॲप नंबर. चाकू परत घ्या म्हटल्यावर आधी उत्तर आलं, “सर, चाकू कुरिअरने परत पाठवणं बेकायदा आहे, पोलीस केस होईल.” शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरकामाची आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. माझं पातं जेमतेम ३ इंची. (महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चे मनाई आदेश लागू असतील तेव्हा मात्र असला चाकूही खिशात घेऊन बाहेर पडू नका, तो भाग वेगळा.) हे लिहून पाठवल्यावर सूर एकदम गोड झाला. “रिफंड मंजूर झालाय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, रक्कम जमा होईल.”

इथे थांबा. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. मला तर वाटतं चाकू हे निमित्तच. ८९९ देऊन चिडलेला, पैसे परत मागणारा माणूस हेच त्यांचं खरं गिऱ्हाईक. मी स्कॅन केलं नाही. मग त्यांनी माझा नंबर ब्लॉक केला.

पाकिटावर आयातदाराचं नाव, पत्ता, एमआरपी, काहीच नव्हतं. वजनमापाच्या नियमांप्रमाणे बाहेरून आलेल्या बंद मालावर हे छापावंच लागतं, आणि ऑनलाइन विकणाऱ्याला यातलं बरंचसं साइटवरही दाखवावं लागतं. म्हणून मागवण्याआधी साइटवर आयातदाराचा पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव शोधा. विक्रेत्याकडे त्याच्या हातातल्या मालाचे दोन्ही बाजूंचे फोटो मागा, कागदावर त्या दिवशीची तारीख लिहून शेजारी ठेवलेले. ज्याच्याकडे माल असतो त्याला हे दोन मिनिटांचं काम आहे.

ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. क्यूआरवर पिन टाकून कुणाचे पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. तोच दोरखंडवाला व्हिडिओ आता दुसऱ्या नावाच्या दुकानाखाली फिरतोय, किंमत ७९९.